माशांचा स्टँड आणि मामांचं घोंगडं

ही गोष्ट सांगायचा मला आता अगदी कंटाळा आलाय हो. पण घरी कोणी आलं की बायको चहाचं आधण ठेवते आणि आतूनच म्हणते, "आवं, त्यो स्टँडचा घोळ सांगा की त्यास्नी." मग काय करता? ऐका. आपली अब्रू आपल्याच तोंडानं घालवायची, दुसरं काय.

पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची गोष्ट. कराडला एका कचेरीत कारकून होतो, शेजारीच मलकापुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. आमच्या साहेबांची बदली झाली आणि जाताना ते माशांची काचेची टाकी माझ्या गळ्यात मारून गेले. टाकी चांगली ट्रंकेएवढी. पाणी भरल्यावर तिचं वजन पेलेल असं टेबल घरात नव्हतं. सरळ सुतार बोलवावा की नाही? पण मला वाटलं, आपणच करू. माणसाला असं वाटायला लागलं की घरच्यांनी त्याला खोलीत कोंडून ठेवावं.

वखारीत जुनं सागवान मिळालं. मोडीत निघालेल्या टॉकीजची बाकडी. ज्यांच्यावर बसून आम्ही मांड्या खाजवत सिनेमे बघितले, तीच.

आलं ना लक्षात? दिसतंय तुमच्या चेहऱ्यावर. सगळ्यांच्या इथंच लक्षात येतं. माझ्या आलं नाही.

सुट्ट्या घालवून स्टँड उभा केला. एक पाय आखूड झाला, त्याखाली पुठ्ठा सारला. सांध्यांत फटी राहिल्या, त्यांवर पॉलिश फासलं. टाकी वर बसली, मासे फिरायला लागले, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मासे सोडून स्टँडच दाखवायला लागलो.

त्याच आठवड्यात सासरे आले. त्यांना मी मामा म्हणतो. वडूजकडचे, मेंढरांमागं हिंडण्यात निम्मा जन्म गेलेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कराडला ऑपरेशन ठरलेलं, तोवर मुक्काम आमच्याकडे. हातात पिशवी, खांद्यावर काळं घोंगडं. त्यांची खाट बाहेरच्या खोलीत टाकली, स्टँडला अगदी लागून. बिचारे टाकीकडे तोंड करून बसायचे आणि म्हणायचे, "लय झ्याक हाय, पाव्हणं." दिसत काहीच नव्हतं. जावयाचं मन राखायचे.

थोड्याच दिवसांत मामा खाजवायला लागले. मग आम्ही. अंथरूण झटकलं तर ढेकूण. मी लगेच डोकं चालवलं. सगळ्यात जास्त कुणाला चावतात? मामांना. घरात नवीन काय आलंय? मामांचं घोंगडं. झाला निकाल.

"मामा, घोंगडं जरा उन्हात टाकू का?"

"टाका की. ढेकणं हायत व्हय त्यात? मला तर दिसत न्हाई. तुमी म्हणतासा म्हंजे असतील."

घोंगडं उन्हात पडलं, चावणं थांबेना. खाटेच्या सांध्यांत रॉकेल ओतलं, तेही रेशनचं, स्टोव्हचं. तरी थांबेना. शेवटी मामांची खाट बाहेर ओट्यावर गेली. शेजारी विचारायला लागले, म्हातारबांना बाहेर का काढलं? मी खरं ते सांगितलं. म्हणजे मला खरं वाटत होतं ते. मग काय, गल्लीतल्या बायका ओट्यापासून चार हात लांबून जायला लागल्या.

"माझ्या बापाच्या घोंगड्यात जन्मात कवा ढेकूण न्हवता," एवढं बोलून बायकोनं माझ्याशी अबोला धरला.

एका सकाळी मामा पिशवी आणि घोंगडं घेऊन उभे. "जातो गं पोरी. डोळ्याचं बघू फुडं कवातरी. माज्यापायी तुमास्नी तरास नगं." ऑपरेशन तोंडावर आलेलं, आणि माणूस चाचपडत एसटीत चढला. मला फार वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, थोडं हायसंही वाटलं.

मामा गेले, ढेकूण राहिले. आता ते निवांतपणे माझ्याकडे वळले. झोपेचं खोबरं झालं, कचेरीत पेंगायला लागलो. त्यात टाकी डुगडुगायला लागली, म्हणून हातोडी घेऊन स्टँडच्या सांध्यात खिळा ठोकायला बसलो. पहिला घाव घातला आणि फटीतून तीळ सांडावेत तसे ढेकूण सांडले. दुसरा घाव घालायचा धीर झाला नाही.

बायको मागंच उभी होती. बघत राहिली आणि शांतपणे म्हणाली, "हे बी वडूजवरनंच आलं व्हय?"

मासे शेजाऱ्यांच्या हौदात गेले, स्टँड मोडून बंबात घातला. मग बायकोनं पुन्हा तोंड उघडलं, ते एवढ्यासाठी, "माझ्या आबास्नी घिऊन या. न्हाईतर तुमी बी येऊ नगासा."

एसटीत बसून माफीची वाक्यं जुळवत गेलो. अंगणात पाय टाकला तर सासूबाई खाटेवर उकळतं पाणी ओततायत आणि मामा शेजारी बसून पोटऱ्या खाजवतायत.

"मामा," मी कसंबसं म्हणालो, "ढेकूण तुमच्या घोंगड्यात नव्हते. माझ्या स्टँडमध्ये होते."

"व्हय. आमच्या घरात हे न्हवतंच कवा. मी आलो, आन् माज्यासंगं हे आलं."

"चुकलं माझं. चला मामा, ऑपरेशन तेवढं चुकवू नका."

मामा उठले, चाचपून घोंगडं उचललं आणि खांद्यावर टाकलं.

"येतो की. लेकीच्या घरनं बापानं काय बी आणू न्हाई, पाव्हणं. तुमचं तुमास्नी परत द्यायला तरी आलंच पायजे."

एसटीत त्यांनी मला शेजारी बसवलं. गारठा होता, म्हणून मायेनं अर्धं घोंगडं माझ्या अंगावर पांघरलं. कराड येईपर्यंत ढेकूण चावत होते. पण खाजवणार कुठल्या तोंडानं?