विमलाक्कांचा तेरा पानांचा डाव

विमलाक्का गेल्याचं त्यांच्या भाचीनं, सुजातानं, फोनवर कळवलं तेव्हा मी ज्वारी निवडत होते. "मावशी झोपेतच गेली, त्रास झाला नाही," ती म्हणाली. मी आत जाऊन यांना सांगितलं. हे सदरा चढवतच म्हणाले, "चल, निघू या." चार आठवडे झाले त्याला. अक्कांबद्दल काही लिहावं असं तेव्हापासून मनात आहे, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं... शेवटी वाटलं, त्या पहिल्यांदा आमच्या उंबऱ्यात आल्या तिथूनच करावी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. हे सोलापुरातल्या एका गिरणीत पिंजण खात्यात होते. एका सकाळी यंत्रात यांचा उजवा हात गेला. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली, मधली तिन्ही बोटं गेली. इस्पितळातून घरी आल्यावर यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. डाव्या हातानं जेवायचं म्हणून माझ्यादेखत जेवत नसत. मी ताट ठेवून बाहेर जायचे. कुणी भेटायला आलं तर हात पांघरुणाखाली.

अक्का जवळच्याच एका दवाखान्यात नर्स होत्या. पट्टी बदलायला रोज दुपारी यायच्या. उंच, सावळ्या, पांढऱ्या साडीला कडक खळ. पहिला आठवडाभर मी त्यांना चहा विचारला नाही. त्या बौद्ध वस्तीत राहणाऱ्या, आणि माझ्या माहेरच्या रीती माझ्या अंगात मुरलेल्या. हे आज लिहितानाही लाज वाटते. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. आठव्या दिवशी पट्टी बांधून झाल्यावर त्याच म्हणाल्या, "वहिनी, घोटभर चहा टाका. आज जरा बसणार आहे मी." आणि पिशवीतून त्यांनी पत्त्यांचा जोड काढला.

मी घाबरलेच. पत्त्यांपायी उठलेली घरं मी पाहिली होती. म्हटलं, "हे नको, अक्का." त्या म्हणाल्या, "पैसा नाही लावायचा. चिंचोके आहेत का घरात?"

हे भिंतीकडे बघतच म्हणाले, "सिस्टर, ह्या हातात पानं ऱ्हात न्हाईत. कशाला चेष्टा करता?"

"म्हणून तर हा डाव आणलाय. यात पानं हातात धरून बसायची नसतात. मांडायची असतात."

मुंबईत नर्सिंग शिकत असताना त्यांच्या वॉर्डात गोदीतला एक म्हातारा चिनी सुतार होता. पाय वजनाला टांगलेला, भाषा येईना. त्यानं खाणाखुणांनी नर्सांना हा डाव शिकवला होता. चौघांना तेरा तेरा पानं. प्रत्येकानं आपल्या पानांच्या तीन रांगा लावायच्या, पुढे तीन पानांची, मध्ये पाच, मागे पाच. जोडीपेक्षा दोन जोड्या मोठ्या, त्याहून तीन सारखी पानं, मग ओळीनं पाच, मग एका रंगाची पाच, असं चढत जायचं. तीन सारख्या पानांना एक जोडी मिळाली की त्याला अक्का 'भरलं घर' म्हणायच्या. सगळ्यांचं मांडून झालं की पानं उलटायची आणि रांगेला रांग भिडवायची. एक रांग जिंकली की एक चिंचोका. तिन्ही जिंकल्या तर तीनऐवजी सहा. फक्त एक अट. सगळ्यात भारी रांग मागे, तिच्याहून हलकी मध्ये, सगळ्यात हलकी पुढे. हा क्रम चुकला की डाव फुटला, आणि फुटलेल्यानं प्रत्येकाला सहा द्यायचे.

चौथा गडी म्हणून शेजारचे नरसय्या आले. यंत्रमागावर काम करायचे, घरात तेलुगू बोलायचे, यांचे जुने दोस्त. पहिले काही दिवस हे डाव्या हातानं एकेक पान सरकवायचे, उजवा हात मांडीखाली.

मग एक दिवस यांना चांगली पानं आली. एक्क्यांची जोडी, राजांची जोडी, शिवाय तीन सत्त्या. यांनी एक्के आणि राजे मागे लावले, सत्त्या मध्ये. दिसायला मागची रांग भारदस्त. पण तीन सारखी पानं दोन जोड्यांहून वरचढ. नरसय्यांच्या ते लक्षात आलं, पण ते गप्प राहिले. अक्कांनी पानांवर बोट ठेवलं.

"दत्तोबा, डाव फुटला. सगळ्यांना सहा द्या."

"सोडा की सिस्टर," नरसय्या म्हणाले. "आजारी माणूस हाय."

"हात जखमी आहे. डोकं नाही."

यांनी सगळी पानं झटक्यात उधळली. काही कॉटखाली गेली, काही चुलीपर्यंत. मी वेचायला वाकले तर अक्कांनी माझं मनगट धरलं. सोडलंच नाही. मग हे उठले. जमिनीला चिकटलेलं पान डाव्या हाताच्या नखानं निघेना, तेव्हा यांनी उजवा हात पुढे केला. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत पहिलं पान उचललं. ते सुटलं. पुन्हा उचललं. कॉटखाली सरपटत गेले, चुलीपाशी बसले, बावन्नच्या बावन्न पानं गोळा करून अक्कांसमोर ठेवली आणि अठरा चिंचोके मोजून दिले. अक्का म्हणाल्या, "आता तुम्ही पिसा."

त्यानंतर गुण लिहायचं काम यांच्याकडे आलं. डाव्या हातानं. आधी आकडे कोंबडीनं उकरल्यासारखे, मग हळूहळू ओळीत. आकड्यांशेजारी नावं लिहू लागले. मी जेवायला समोर बसू लागले, त्यालाही यांनी हरकत घेतली नाही.

दोन महिने झाले असतील, एक दिवस अक्का आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. नरसय्यांनी बातमी आणली की सिस्टर पेशंटच्या घरी पत्ते कुटत बसतात म्हणून कुणीतरी तक्रार केली आहे. अक्कांना लेखी खुलासा मागितला होता, आणि बदली दूर दुधनीकडे होईल असं बोललं जात होतं. घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून त्या कशा जाणार?

अपघातानंतर हे उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. त्या सकाळी यांनी सदरा मागितला, बटणं स्वतः लावली. दवाखान्यापर्यंत हे पुढे आणि मी मागे. रस्त्यात लोक हाताकडे बघत होते, यांनी तो लपवला नाही. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "काय काम आहे?" हे म्हणाले, "सिस्टरबद्दल सांगायचं हाय. पर आदी हे बगा." आणि अक्कांचा आमच्याकडे राहिलेला जोड खिशातून काढून टेबलावर त्या दोन बोटांनी तेरा पानं मांडली, तीन, पाच, पाच. मग कागद मागितला आणि डाव्या हातानं आपला जबाब लिहिला. डॉक्टर त्या हाताकडे बघत राहिले. वाचून झाल्यावर म्हणाले, "हा डाव मला एकदा नीट समजावून सांगा." यांनी सांगितला, दंडासकट.

बदली टळली. कामाच्या वेळेत बसायचं नाही, एवढी ताकीद मिळाली. त्या रविवारी अक्का आल्या त्या यांच्यावर चिडलेल्या होत्या. "माझ्यासाठी कुणी भांडावं असं मी म्हटलं होतं का?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "चालत गेलात की रिक्षानं?" चालत, असं मी सांगितलं. त्या तोंड फिरवून हसल्या. पुढे गिरणीनं यांना गोदामात गाठींवर चिठ्ठ्या लिहिण्याचं काम दिलं, ते यांनी निवृत्तीपर्यंत केलं.

गेल्या रविवारी अक्कांच्या घरी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांच्या स्मरणाचा, कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. मागे आम्ही काहीजण उरलो. अर्धांगवायूतून उठलेले एक निवृत्त मास्तर यांच्या हाताकडे बघत अडखळत म्हणाले, "तुम्हालाही... अक्कांनी... तो डाव शिकवला होता का?" पलीकडून एक बाई म्हणाल्या, "कुठला, तेरा पानांचा?" त्यांचा हात तरुणपणी स्टोव्हच्या भडक्यात भाजला होता. इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं, तो डाव फक्त आमच्या घरातला.

सुजातानं पत्ते आणले. मास्तर, त्या बाई, सुजाता आणि हे बसले. पहिल्याच डावात बाईंचा क्रम चुकला. हे म्हणाले, "फुटला. सहा द्या."

"कसले सहा?" बाई म्हणाल्या. "फुटला तर भाजलेल्या हातानं दोनदा पिसायचं. अक्कांचा नियमच हाय तो."

मास्तर मान हलवू लागले. शब्द जुळवत, सावकाश म्हणाले, "नाही... पानं उलटण्याआधी... प्रत्येक रांगेचं नाव... मोठ्यानं म्हणायचं. नाही म्हटलं... तर जिंकलेली रांगही गेली. दंड... नव्हताच."

तिघंही आपापल्या नियमावर ठाम होते. वाद वाढत चालला तेव्हा सुजाताकडे सगळ्यांनी पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याशी खेळताना मावशी गुणच ठेवायची नाही. लहानपणी मी हरले की जेवायचे नाही, म्हणून."

यांनी आपला हात उघडून पाहिला, मग मास्तरांच्या तोंडाकडे, मग बाईंच्या मनगटाकडे. पानं गोळा करून यांनी ती पिसली, वाटली आणि हे म्हणाले, "मास्तर, तुमी मोठ्यानं म्हना. ताई, तुमी दोनदा पिसा. आनी माजा फुटला, तर मी सहा देतो."