किल्ली सांभाळणाऱ्या शेळ्या

झरीच्या बसथांब्यावर शेजारी बसलेल्या मावशी शेळ्या राखणाऱ्या. त्यांच्या पुण्यातल्या लेकाचा फोन हरवला होता. नव्या फोनवर त्याचं क्रिप्टो वॉलेट, म्हणजे डिजिटल पैशांचं पाकीट, उघडायला किल्ली म्हणून बारा इंग्रजी शब्द ठराविक क्रमानं हवे होते. त्यातले सहा त्यानं मानवत गावच्या बहिणीकडं ठेवले होते, सहा आईकडं. मावशींना लिहिता येत नाही, म्हणून शेळ्या वाड्यातून ज्या क्रमानं बाहेर पडतात त्याच क्रमानं त्यांनी ते सहा शब्द शेळ्यांना नावं म्हणून दिले, हे त्यांनीच मला सांगितलं.

लेकाचा फोन आला. मावशींनी डोळे मिटले, वाड्याची ताटी उघडावी तसा हात हलवला आणि एकेकीला सोडल्यासारखं हळू म्हणाल्या, "लेमन… टायगर… रिव्हर…"

"एखादी मेली तर?" मी नंतर विचारलं.

"तिच्या करडाला तेच नाव देते, दादा. लेकरानं ठिवायला दिलंय, मरू कसं देऊ?"