सेवादासची सुरगाठ

नवऱ्याचं नाव घेऊ नये, असं आमच्यातल्या बुढ्या म्हणते. मी घेते. सेवादास. घाटंजीच्या अलीकडं आमचा तांडा हाय, तिथं कोणालेही विचारा, गाडीत माल बांधणारा सेवादास कोणता, लेकरू बी बोट दाखवीन. सारी उमर त्यानं भाड्याची पिकअप चालवली. कापसाची बोंदरं, तुरीचे पोते, मंडपाचे बांबू, एकदा तं जिती म्हैस. सेवादासनं बांधलं की हालत नाही, असं तो सांगते. मी सांगत नाही, कारण मी त्याच्या घरी राहते.

त्याची सारी अक्कल एका गाठीत हाय. सुरगाठ. दोरीचं एक टोक लोंबत ठेवाचं, तेवढं ओढलं की अख्खी गाठ मोकळी. "माह्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला," हे तो चहा मागतानाही सांगते. "लदेणीवाल्याची गाठ एका हातानं सुटली पाहिजे. नाही तं बैल ओझ्याखाली उभा मरते." आज्यानं केली असन लदेणी. यानं बैल पाहिले ते पोळ्याले, तेही लोकाइचे. पण ऐट अशी की मिठाची गोणी आत्ताच उतरवून आला.

घरात सारं सुरगाठीनं बांधलेलं. गोठ्याचं फाटक, पाण्याचा पाईप, माह्या पलंगाची मच्छरदाणी. निरगाठ मारणाऱ्याले तो माणसात धरत नाही, "थे बायकाइची गाठ" म्हणते. आमच्या बकरीले हे चांगलं समजलं. ती लोंबतं टोक तोंडात धरते, मान मांगं घेते, की फाटक उघडं अन् माह्या मेथीचा सत्यानाश. "बकरी हुशार हाय," तो म्हणते. बकरी हुशार हायच. माह्या घरी तेवढी एकच हाय.

पिकअप विकून त्यानं जुनी कार घेतली, तवापासून तं पाहाले नको. पहिलं काय केलं, तं यवतमाळले जाऊन सीटाइले मखमली कव्हर शिवून आणले. लाल रंग, पिवळी किनार. कव्हर इतके गच्च बसवले की मांगच्या सीटचे पट्ट्याचे बक्कल कुठं गेले, देवाले माहीत. दुसरं काय केलं, तं बिनपट्ट्याची नुसती कडी आणून समोरच्या बक्कलात खुपसली. पट्टा नाही लावला की गाडी टूं टूं करते, तिचं तोंड बंद कराले. बायको बोलली तं तिलेही अशीच कडी भेटते का, हे त्यानं दुकानदाराले विचारलं म्हणे. घरी येऊन मलेच सांगतलं, हसत.

ममता आमची पोरगी. तिच्या डाव्या भुवईवर एक खूण हाय. लहान होती तवा बापाच्या गाडीत समोर उभी राहून कळंबले चालली होती, चिंतामणीले. रानातून रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, यानं ब्रेक दाबला अन् पोरगी जाऊन काचेवर आदळली. टाके पडले. यानं आजवर शिव्या दिल्या त्या फक्त रोह्याले.

तीच ममता बाळंतपणाले आली होती. नात पाच महिन्याची झाली, आता तिले बोरी अरबले सासरी पोचवाचं होतं. आमच्यात लेकीले पोचवाले बाप जाते. सेवादासनं आठ दिवस आधीपासून तांडाभर सांगत फिरून गाडी धुतली, झेंडूची माळ आणून ठेवली. एवढ्यात जावई संजयनं बाळाची सीट पाठवली. टोपल्यासारखी खोल खुर्ची, आत पट्टे, वर मूठ.

"हे काय हाय?" सेवादासनं विचारलं.

"बा, गाडीत छोटी याच्यात बसन," ममता म्हणाली. "ही सीट गाडीच्या सीटले पक्की करा लागते. गाडीचा पट्टा हिच्यातून ओवून लावा, नाही तं गाडीच्या सीटच्या फटीत लोखंडी कड्या असते, त्याइले हिचे आकडे लावा. दोन्हीपैकी कोणतंही एक. अन् तोंड मांगं पाहिजे."

"मांगं? सासरी चालली पोरगी अन् पाठ फिरवून? लोक काय म्हणतीन?"

"झटका बसला तं मान सांभाळते, म्हणून."

"मंग समोर ठेव, माह्या बाजूले. माह्या नजरेत राहीन."

"समोर टक्कर झाली तं हवेचा फुगा फुटते, बा. सीधा तिच्या तोंडावर."

तो मांडीले हात लावून हसला. पोरगी फोनवर पाहून बापाले बांधणं शिकवून राह्यली, म्हणे. मंग त्यानं सीटच्या फटीत दोन बोटं घालून पाहिले. कव्हर होतं. बक्कल शोधाले हात फिरवला. तिथंही कव्हर होतं. कव्हर काढावं लागन, असं ममता म्हणाली, तं जसं कोणी त्याची चामडी सोलतो म्हणलं असा चेहरा झाला.

"पट्टा नको अन् आकडा नको," तो म्हणाला. "मी बांधतो."

"ते मीठ नव्हे," मी म्हणलं. "लेकरू हाय."

"तुले काय समजते?"

मले काहीच समजत नाही, म्हणून तं इतके वर्षं नांदली. मी ओट्यावर बसून पाहू लागली. गड्यानं खुर्ची मांगच्या सीटवर ठेवली, दोरी आणली, खुर्चीच्या अंगावरून घेतली, समोरच्या सीटच्या मांगून काढली, डोक्याच्या उशीले वेढा दिला, पाय लावून ओढली अन् वर मारली आपली सुरगाठ. खुर्चीले धक्का दिला. खरं सांगाचं तं खुर्ची हालली नाही. त्यानं माह्याकडं असं पाहिलं की जसा तांड्याच्या नायकानं फेटा बांधला.

ममतानं दाराच्या आत वाकून पाहिलं. तिचा हात भुवईवर गेला. तो हात तिथं आपोआप जाते, तिले समजतही नाही. "बा, हे मले पटत नाही," ती हळू म्हणाली. "पट्टा नाही तं मी छोटीले घेऊन एसटीनं जाते."

सारा तांडा पाहून राह्यला अन् सेवादासची लेक एसटीनं जाईन. त्याचं तोंड उतरलं. मले त्याची कीव आली नाही. रोह्याच्या टायमाले पोरीचं रगत मीच पदरानं पुसलं होतं, अन् आता त्याच माणसाच्या गाडीत तिचं लेकरू बसाचं होतं. मले भेव वाटत होतं, रागाच्या खाली भेवच होतं.

"एकडाव बसवून तं पाय," तो म्हणाला. आवाज विनवणीचा होता, पण कबूल कोण करन. "गाडी चालू करत नाही. नुसती बसव."

ममतानं छोटीले बसवलं, आतले पट्टे लावले. एक हात खुर्चीच्या मुठीवर तसाच ठेवला, नशीब. छोटी आपली इकडं पाह्य, तिकडं पाह्य. त्या वयात लेकराले एकच काम असते, दिसन ते धरा अन् तोंडात घाला. तिच्या नाकासमोर काय लोंबत होतं, तं आज्याच्या गाठीचं टोक.

तिनं धरलं. ओढलं. टोक तोंडात गेलं अन् दोरी खळकन खाली आली. खुर्ची ममताकडं कलंडली, तिनं ती छातीनं अडवली. छोटी दोरी चघळत राह्यली. तिले बिचारीले काय माहीत, आज्याची, पणज्याची, साऱ्या लदेणीची अब्रू तोंडात हाय म्हणून.

माह्या जिभेवर बकरीचं नाव आलं होतं, पण ममताचं तोंड पांढरं पडलेलं पाहिलं अन् मी गिळलं. तिनं लेकराले काढलं, छातीशी धरलं, ओट्यावरची बॅग उचलली.

सेवादास गोठ्यात गेला. मले वाटलं तोंड लपवाले गेला. तो विळा घेऊन आला. गाडीत घुसला अन् टर्र करून मखमल फाडली. लाल रंग, पिवळी किनार, ज्याच्यावर मले भर उन्हाळ्यात घामाच्या पाठीनं टेकू दिलं नाही, ते कव्हर त्यानं बकरं सोलावं तसं सोललं. खालून बक्कल निघालं. फटीतून लोखंडी कड्याही निघाल्या.

"ममता," तो तिच्याकडं न पाहता म्हणाला, "यातलं चांगलं कोणतं?"

"दोन्ही चांगले, बा. जे घट्ट बसन ते."

त्यानं आधी आकडे लावून पाहिले. कट, कट, दोन आवाज झाले. मंग काढले. "याच्यात माणसाले काही करा लागत नाही," म्हणाला, "माह्या हाताले समजत नाही." मंग पट्टा ओवला, कुठून ओवाचा ते ममताले दोनदा विचारून. बक्कल लावलं, गुडघा खुर्चीत रोवला, सारं वजन टाकलं अन् पट्टा ओढला. ओढणं त्याले येते, हे मी नाही म्हणत नाही. खुर्चीले धरून त्यानं इतकं हालवलं की अख्खी गाडी हालली, खुर्ची नाही. तरी त्यानं ममताले म्हणलं, "तू हालवून पाय." तिनं हालवलं. बॅग ठेवली डिक्कीत.

मीही संगं समोर बसली. निघालो तं गाडी टूं टूं करू लागली. त्यानं ती नुसती कडीही काढून फेकली होती, मले दिसलंच नव्हतं. पट्टा लावाले त्याले जागाच सापडे ना, जन्मात लावला असन तं सापडन. मी लावून दिला. बोरी अरबपर्यंत गडी इतका हळू गेला की मांगून ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता. छोटी मांगं तोंड करून झोपली होती.

तिथं पोचल्यावर संजय डिक्कीतून सामान काढू लागला. तुरीच्या डाळीचं पोतं होतं, लेकीसंगं द्यायचं, तोंड दोरीनं बांधलेलं. तीच दोरी. संजय लोंबतं टोक शोधू लागला, सासऱ्याची गाठ त्याले माहीत हाय. टोक नव्हतंच. त्यानं नखानं केलं, दातानं केलं.

"मामा, हे सुटून नाही राह्यली."

"थे सुटणार नाही," सेवादास म्हणाला. तो छोटीले खुर्चीतून काढत होता, वर पाहिलं नाही. "काप."

निरगाठ होती. बायकाइची गाठ. मले हसू आलं, अन् पदर तोंडाले लावला तं तो ओला झाला.