दरेकसापर्यंतची रंगीत तालीम

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी साडेसहाला मी गोंदियाजवळच्या कुडव्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाठीवर अकरा किलोंची सॅक घेऊन उभी होते आणि सुनंदाचा पत्ता नव्हता. सहा म्हणजे सहा, असं मी तिला आदल्या दिवशी तीनदा बजावलं होतं. दूधवाला दोनदा जाऊन परत आला. शेवटी ती आली ती ऑटोतून, कारण तिची सॅक तिला उचलवत नव्हती.

"काय भरलंयस यात?"

"काही नाही गं. लागतं तेवढंच."

मी तिथेच रस्त्यावर चेन उघडली. बीपीचं मशीन, क्षारसंजीवनीची वीस पाकिटं, दोन किलो तांदूळ आणि छोटा प्रेशर कुकर! कुकर घरी ठेवून येईपर्यंत तिरोड्याची बस गेली. स्टँडवर पानठेलेवाल्याने अगदी आनंदाने बातमी दिली, "मॅडम, बस तो अभी अभी निकली."

खरं तर हा प्रवास खरा प्रवास नव्हताच. खरा बेत होता द्वारका ते तेजू, म्हणजे गुजरातच्या टोकापासून थेट अरुणाचलपर्यंत. नव्वद दिवस. रेल्वे आणि विमान वर्ज्य. मिळेल ती बस, जीप, नाहीतर पायी. मी शाळेत भूगोल शिकवते. वीस वर्षं पोरांना थरचं वाळवंट आणि ब्रह्मपुत्रेचं खोरं फळ्यावर काढून दाखवलं, आणि स्वतः नागपूरच्या पलीकडे गेले असेन चारदा, तेही लग्नांना. सुनंदा माझी वसतिगृहापासूनची मैत्रीण, सरकारी दवाखान्यात सिस्टर. मी अविवाहित, तिचा नवरा नोकरीला गडचिरोलीला, मुलं शिकायला नागपूरला. दीड वर्ष दर रविवारी संध्याकाळी तिच्या घरी जमिनीवर नकाशा पसरून आम्ही हा बेत आखत होतो. ऑक्टोबरात निघायचं ठरलं होतं. त्याआधी तीन दिवस जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, बोदलकसाच्या तळ्यापासून दरेकसा स्टेशनपर्यंत, सॅक घेऊन फिरून बघावं, ही माझी कल्पना.

तिरोड्याला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. तिथून दुसऱ्या बसने फाट्यापर्यंत, आणि पुढे बोदलकसापर्यंत आठेक किलोमीटर चालायचं. धान कापून झालेलं, बांध्या (धानाची खाचरं) कोरड्या पडलेल्या, रस्त्याच्या कडेला मोह आणि साग. ऊन मऊ होतं. चालायला यापेक्षा चांगला दिवस मिळाला नसता, पण सुनंदाला चालू देईल तर ते गाव कसलं! पहिल्याच वस्तीत एका म्हातारीने वाट अडवली.

"कुठं जाऊन राहिल्या वो बाई? जनगणनेच्या मॅडम का?"

"नाही आजी, फिरायला निघालोय."

"गाडी नाई भेटली का?"

"भेटली होती. आम्हीच चालतोय."

म्हातारीने आम्हा दोघींना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काऊन?"

या 'का'ला उत्तर म्हणून मी सरावाचं काहीतरी सांगत होते, तेवढ्यात सुनंदाने बीपीचं मशीन बाहेर काढलंसुद्धा. म्हातारीचं बघितलं, तिच्या सुनेचं बघितलं, मग शेजारच्या तीन बायकांचं. पाऊण तास गेला. मी घड्याळ दाखवलं की ती "झालंच" म्हणायची. दवाखान्यातून चार दिवसांची सुट्टी काढून ही बाई रस्त्यात दवाखाना मांडून बसली होती. पुढे आणखी एका वस्तीत तोच प्रकार झाला, आणि मी मनातल्या मनात हिशोब केला की या वेगाने आम्हाला तेजूला पोचायला तीन वर्षं लागतील.

बोदलकसाचं तळं दिसलं तेव्हा दुपार कलली होती. झाडांच्या मागून एकदम पाणी समोर येतं, टेकड्यांच्या कुशीत पसरलेलं, आणि लांबवर काळे ठिपके. ते ठिपके उडाले की कळतं, ती बदकं होती. माझा सगळा वैताग तिथे पाच मिनिटं गप्प बसला. मग विश्रामगृहाच्या चौकीदाराने सांगितलं की आमच्या नावाची खोलीच नोंदलेली नाही. मी स्वतः फोन करून नोंदवली होती. "फोन कोनं घेतला होता मॅडम?" असं तो मलाच विचारत राहिला. अर्ध्या तासाने एक खोली उघडून दिली, ज्यात उशा होत्या पण गाद्या नव्हत्या.

जेवणाची सोय काठावरच्या एका ढिवर (मासेमारी करणाऱ्या) कुटुंबाकडे झाली. घरची बाई, यमुनाबाई, चुलीवर झिंग्यांचं (बारीक कोळंबीचं) कालवण करत होती. सुनंदा तिच्यापाशी पाट घेऊन बसली. मी दाराबाहेर बूट काढत होते. सूर्य तळ्याच्या बांधामागे जात होता. आतून यमुनाबाईचा आवाज आला, "येवढ्या लांब तुमी दोघी जाल? भेव नाई वाटत?"

आणि सुनंदा अगदी सहज म्हणाली, "मी नाही जात ताई. ही जाते. मी आपली दरेकसापर्यंत."

माझ्या हातात एक बूट तसाच राहिला.

कालवण तिखट आणि सुरेख होतं, भात नव्या तांदळाचा होता, यमुनाबाई आग्रह करत होती, आणि मी भात नुसता चिवडत होते. खोलीवर परतताना मी विचारलं, "रजेचा अर्ज दिलास?"

ती थांबली. तिला कळलं की मी ऐकलंय.

"नाही."

"सहा महिने विचारतेय मी तुला. दर वेळी 'देते' म्हणतेस."

"उषा, उद्या बोलू."

"उद्या काय बोलायचं? तू घरी जा उद्या."

"दरेकसापर्यंत येईन म्हटलं होतं. तेवढं येईन."

दुसरा दिवस आम्ही तीन बसमध्ये काढला: गोरेगाव, आमगाव, सालेकसा. एक पंक्चर झाली, एकीत कोंबड्यांची टोपली माझ्या पायावर होती. सुनंदाने खिडकीची जागा मला दिली. मी घेतली, आभार मानले नाहीत. सालेकशाला तिच्या ओळखीच्या एका सिस्टरच्या घरी मुक्काम केला. त्या माउलीने अंबाडीची भाजी आणि भाकरी वाढली आणि आमच्या बेताचं तोंडभर कौतुक केलं. "दोघी मैत्रिणी, काय हिंमत!" आम्ही दोघी ताटात बघत होतो.

शनिवारी सकाळी दरेकसाकडे चालायला लागलो. दहा-बारा किलोमीटरचा रस्ता. पुढे पुढे जंगल दाट होत जातं, डोंगर जवळ येतात, आणि मधूनच मालगाडीचा आवाज दरीत घुमतो. सुनंदाच्या टाचेला फोड आला होता. तिसऱ्या मैलाला ती लंगडायला लागली, पण बोलली नाही. मीही विचारलं नाही. मी पुढे, ती शंभर पावलं मागे. एका वळणावर सरपण डोक्यावर घेतलेल्या दोन बाया समोरून आल्या. त्यातली एक मला म्हणाली, "तुमची बाई मागं लंगडून राहिली ना वो. काऊन सोडून आल्या तिले?"

मला इतकी लाज वाटली की मी सरळ रस्त्याच्या कडेला बसले. सुनंदा आली. मी तिचा बूट काढला, फोड फुटला होता. तिच्याच सॅकमधून पट्टी काढून मी ती लावली, वाकडीतिकडी. तिने ती काढून नीट लावून घेतली.

"आता बोल," मी म्हटलं. "दीड वर्ष मला का नाचवलंस?"

"तू मला विचारलं होतंस का, येतेस का म्हणून?"

"म्हणजे?"

"आठव. पहिल्या दिवशी तू नकाशा घेऊन आलीस आणि म्हणालीस, आपण जातोय. मी चहा टाकत होते. तू सुरूच झालीस."

मी आठवून बघितलं. विचारलं नव्हतं.

"मग नाही म्हणायचं होतंस."

"नाही म्हटलं असतं तर तू यायची थांबली असतीस." ती टाच धरून बसली होती. "दवाखान्यात दिवसभर प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं असतं. घरी फोनवर नवरा, पोरं, तेच. रविवारी तू यायचीस, जमिनीवर नकाशा पसरायचीस आणि बोलत सुटायचीस. चंबळ, ब्रह्मपुत्रा, कुठली कुठली गावं. मी नुसती ऐकायची. मला तेवढाच प्रवास हवा होता, उषा. जायचं तुला आहे."

"एकटीने नव्वद दिवस?"

"मग काय झालं?"

"मला भीती वाटते," मी म्हटलं. हे मी त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःला तरी कुठे सांगितलं होतं मी!

"ठाऊक आहे मला," सुनंदा म्हणाली. "मी सोबत नसेन तर तू रद्द करशील, हेही ठाऊक होतं. म्हणून जीभ उचलत नव्हती."

दरेकसा स्टेशन डोंगरांच्या मधोमध, एवढंसं. परतीची जीप मिळेना, म्हणून आमचा रेल्वेबंदीचा नियम पहिल्याच तालमीत मोडला आणि आम्ही पॅसेंजरची वाट बघत बसलो. ती दीड तास उशिरा येणार होती. तिकीटबाबूने आमच्या सॅककडे बघून विचारलं, "सर्वेवाले हो क्या?" आणि आम्ही दोघी एकदम "हाँ" म्हणालो. तीन दिवसांत प्रथमच हसलो.

गोंदियाला उतरून कुडव्यापर्यंत ऑटोने आलो. तिच्या गल्लीशी ती उतरली, लंगडत गेली, मागे वळली नाही. मी घरी सॅक भिंतीला टेकवली आणि रजेचा अर्ज लिहायला बसले. लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. तीन दिवसांचा हिशोब असा: एक बस चुकली, एक खोली नोंदलेली नव्हती, एक सोबतीण गेली. बोदलकसाची बदकं सोडली तर सांगण्यासारखं काही नीट घडलंच नाही. तरीही नव्वद दिवसांच्या यादीत कुठेही न लिहिलेली एक गोष्ट मला कळली होती. दीड वर्ष मी रस्ते, बस आणि मुक्काम विचारत बसले. माझ्यासमोर बसलेल्या बाईला काही विचारावं असं मला सुचलं नव्हतं. मला तिचा राग होता, आणि अजूनही थोडा आहे. दीड वर्षात एका रविवारी तरी खरं बोलायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जायचं नाही असं मी ठरवलं होतं. संध्याकाळी सहा वाजता तिच्या दारात उभी राहिले. टाचेला पट्टी बांधलेल्या सुनंदाने दार उघडलं, आत जमिनीवर नकाशा आधीच पसरलेला होता.

"उशीर केलास," ती म्हणाली. "बिहारात अडकलो होतो आपण."