लाकडी माशावरची फुंकर

"नख लावा. भिऊ नका."

दुकानात पाय ठेवला की सर आधी हे म्हणायचे आणि मग सदऱ्याच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला लाकडी मासा काढून गल्ल्यावर ठेवायचे. बोटभर लांब, हिरव्या पाठीचा, चंदेरी पोटाचा, आणि डोळा असा की आपल्याकडेच बघून राहिलाय. रंग निघतो का बघायला मी आपली भीत भीत नखाची कड टेकवायची. त्यावर सर वैतागायचे.

"अहो ताई, जोरात! मरळ काय गोंजारणार हाय का त्याला? लई दात असतात तिला."

माझं रंगाचं दुकान आहे, नांदेडहून विष्णुपुरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. सर मागच्या गल्लीत राहायचे. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना हा नाद लागला. पांगाऱ्याचं हलकं लाकूड घ्यायचं, तासून मासा करायचा, जुन्या मच्छरदाणीचा तुकडा वर ताणून त्यातून रंग मारायचा, की अंगावर हुबेहूब खवले उमटतात. पोटाखाली गळ अडकवायचा आणि धरणाच्या पाण्यात फेकायचा. खरा मासा समजून मरळ त्यावर झडप घालते. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या घरचे म्हणतात, "आता हे काय नवीन?" काकू, म्हणजे सरांच्या बायको, रोज तेच म्हणायच्या.

रंगाला सर कधी अडले नाहीत. अडले ते वरच्या थराला. रंगावर एक पारदर्शक हात मारावा लागतो, नाहीतर पाणी आणि मरळीचे दात मिळून एका सकाळीत सगळी कलाकुसर धुऊन टाकतात. हा शेवटचा हात कशाचा द्यायचा, यावर सरांची झोप उडाली होती.

पहिला प्रयोग काकूंच्या नेलपॉलिशचा. कोणाला न विचारता उचलली बाटली आणि मारली माशावर. घरी चमकला छान, पण विष्णुपुरीच्या पाण्यात गेल्यावर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सोलून निघाला. काकूंनी दोन दिवस अबोला धरला, तो माशासाठी नव्हता, बाटलीसाठी होता.

मग माझ्याकडून लाकडाचं वार्निश नेलं. ते बरं होतं, पण पिवळं पडलं, आणि मे महिन्यात तर कहरच झाला. डब्यात ठेवलेले सगळे मासे उन्हानं एकमेकांना चिकटले. सर डबा घेऊन आले आणि गल्ल्यावर उपडा केला. एकच गोळा पडला.

"बघा ताई, यांनी लग्नं लावून घेतली. मला अक्षतासुद्धा न्हाई."

पुढं लॅकर. त्यातल्या थिनरनं खालचाच रंग उचलला आणि मासा सुरकुतला. मग रेझिन आणि त्याचं जोडीदार द्रव, दोन्ही समसमान ढवळून. ते मात्र जमलं. ओघळू नये म्हणून मासा फिरता ठेवावा लागतो, तर सरांनी गणपतीच्या मागं चक्र फिरवायची छोटी मोटर लावली. सरांच्या खोलीत पाहावं तर मासा आपला संथ गोल गोल फिरतोय. ढवळताना रेझिनमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात, ते घालवायला सर जवळ वाकून फुंकर मारायचे. हळू आणि लांब, चहाची बशी निववतात तशी. तोंडची गरम हवा लागली की बुडबुडे पटापट फुटायचे. मी एकदा पाहिलं होतं. शेवटचा फुटला की सर मान वर करून हसायचे.

पण रेझिनचा थर जाड. "खवले बुडून गेले बघा," म्हणायचे. "मासा दिसून राहिला, पण काचेच्या गोटीत बसल्यासारखा. मला पातळ पाहिजे. पातळ आणि पक्कं."

आणि मग एक दिवस त्यांनी मला ते मागितलं. गाड्यांवर मारतात ते क्लिअर. एका डब्यात क्लिअर, छोट्या डब्यात हार्डनर, दोन्ही मिसळायचं आणि फवारायचं. पातळ, पक्कं, कडक. सरांना हवं होतं अगदी तसंच.

मी भित्रीच आहे, ते सांगून टाकते. पाण्याला भिते, विजेला भिते, गल्लीतल्या कुत्र्याला भिते. पण या डब्याची भीती उगीच नाही. माझे अण्णा, म्हणजे वडील, गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचे. वर्षानुवर्षं तोंडाला रुमाल बांधून तेच फवारलं. शेवटी शेवटी खाटेवर टेकून बसून असायचे, आडवं झालं की दम कोंडायचा, आणि छातीतून शिट्टी वाजायची. भाकरी थापत असले तरी माझा एक कान त्या शिट्टीकडं असायचा. शिट्टी थांबली की हातातलं पीठ तसंच टाकून मी पळायची.

"सर, ते मी देणार न्हाई."

"अहो, गाडीवाले रोज मारून राहिले की."

"माझे अण्णाबी रोजच मारायचे."

सरांनी खिशातून कोरोनातला मास्क काढून दाखवला. "हा लावतो. झालं?"

"त्यानं शिंक अडते सर. याची वाफ न्हाई अडत. आणि तुम्ही एवढ्याशा खोलीत बसून मारणार."

"भिऊ नका ताई. तुम्ही लई भिता," म्हणाले आणि हसून गेले.

महिनाभरानं मासा आला. खवला न् खवला दिसत होता, आणि वर पाण्याचाच थर गोठल्यासारखी चकाकी. मी नख लावलं. उमटलं नाही. किल्ली ओढली. उमटलं नाही. मग मासा नाकाशी नेला आणि तो वास ओळखला.

"सर, कुणी दिलं हे?"

"हाय एक ओळखीचा गॅरेजवाला. बघा ना, कसं झालंय!" एवढं बोलताना ते मध्ये दोनदा खोकले. कोरडा, छोटा खोकला. मी तिथंच गिऱ्हाइकांसमोर त्यांच्यावर ओरडले. निदान बाहेर अंगणात मारा, वारा पाठीशी घेऊन मारा, एवढं तरी ऐका.

"अंगणात? आपल्या गावची धूळ तुम्हाला माहीत न्हाई का? ओल्या थरावर एक कण बसला की सगळा मासा वाया."

आता यातला घोळ तुमच्या लक्षात येईल. थरावर धूळ नको म्हणून हा माणूस जिन्याखालची आपली कोंदट खोली बंद करायचा. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी. पंखा बंद, कारण पंख्यानं धूळ उडते. दाराच्या खालच्या फटीत ओला टॉवेल. आत स्वतः, माशांची रांग आणि तो फवारा. माशाला कण लागू नये म्हणून केलेली सगळी तयारी वाफेला आत कोंडून ठेवायची. आणि कौतुक केलं की वर सांगायचे, "एक कण शोधून दाखवा!"

एका दुपारी ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काकू अनवाणी पळत दुकानात आल्या, पदर कुठं, केस कुठं.

"अगं चल गं, ह्यांचं दार उघडंना. आतून कडी हाय. बोलंनात."

मी गल्ला तसाच उघडा टाकून धावले. दाराला खांदा लावला, पण आतून कडी आणि खाली ओला टॉवेल, दार हलेना. काकू "अहो, अहो" करून रडत होत्या. समोरचे दोघं शिवणकामवाले आले, त्यांनी लाथा घातल्या तेव्हा कडी निघाली. आतून जो भपका आला त्यानं माझे डोळे भरून आले. सर टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. खांदे कानापर्यंत वर चढत होते आणि तरी आत काही जात नव्हतं. ओठ जांभळे. आणि छातीतून ती शिट्टी. अण्णांची शिट्टी. मी जागच्या जागी लाकूड झाले. खरं सांगते, क्षणभर मला पळून जावंसं वाटलं.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "भि... भिऊ..." पुढचं आलं नाही. मग एक बोट उचललं आणि तारेवर टांगलेल्या माशांकडं दाखवलं. ओले आहेत, हात लावू नका, असं म्हणायचं होतं त्यांना!

"मेले तुमचे मासे!" मी किंचाळले, आणि त्यातूनच माझे पाय सुटले. दोघांनी सरांना उचललं, मी रिक्षा थांबवली. दवाखान्यापर्यंत सरांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी प्रत्येक शिट्टी ऐकत होते. दोन शिट्ट्यांच्या मध्ये जी शांतता असायची, तीच जास्त भयंकर होती.

सर वाचले. पण डॉक्टरांनी सांगितलं की छातीनं आता या गोष्टीशी वैर धरलंय, पुढं वासही चालणार नाही. छाती पूर्ववत झालीच नाही. जिना चढवेना, मग अंगणातून फाटकापर्यंत जाववेना. दिवाळीनंतर त्यांची मुलगी येऊन दोघांना लातूरला घेऊन गेली. जिन्याखालच्या खोलीची किल्ली माझ्याकडं राहिली.

सर फोन करायचे. बोलणं दुकानाचंच. "काय ताई, काय खपून राहिलंय?" दोन शब्द झाले की थांबायचे, श्वास घ्यायचे, मग पुढचे दोन. मी बोलणं कमी आणि तो श्वास जास्त ऐकायची. फोन ठेवला तरी कानात तोच असायचा.

एकदा म्हणाले, "त्या खोलीत... एक राहिलाय. बिनथराचा. घेऊन या. रेझिनबी आणा."

"सर, अजून तुमचं ते..."

"मुलीनं इचारलंय डॉक्टरला. गॅलरीत... तुम्ही मारायचं. मी लांबून... सांगतो."

मी गेले. पिशवीत मासा आणि दोन बाटल्या. सर खुर्चीत होते, नाकाला नळी, शेजारी घरघरणारं यंत्र. एवढेसे झाले होते. मला बघून म्हणाले, "नख... न्हाई लावायचं आज." आणि हसले.

मी गॅलरीत बसले. घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या, आत पंखा जोरात. काकूंनी रस्त्यावरच्या धुळीकडं बघून सरांना विचारलं, "चालंल का?" सर म्हणाले, "येऊ द्या." ज्या माणसानं एका कणासाठी स्वतःला कोंडून घेतलं, तो म्हणाला येऊ द्या. मी ढवळलं, ब्रश फिरवला. बुडबुडेच बुडबुडे आले.

दाराच्या आत खुर्चीत बसलेल्या सरांनी सवयीनं ओठांचा चंबू केला आणि तिथूनच फुंकर मारली. चार हातांवरून. ती माशापर्यंत काय, दारापर्यंतसुद्धा आली नाही. खोकल्याची उबळ आली, मुलगी धावली, काकूंनी पाठ चोळली. मी ब्रश हातात घेऊन नुसती बघत राहिले. उबळ थांबल्यावर सर म्हणाले, "तुम्ही... फुंका. भिऊ नका."

मी वाकले आणि फुंकर मारली. माझाच श्वास तुटत तुटत येत होता. तरी एकेक बुडबुडा फुटत गेला.

मोटर नांदेडलाच राहिली होती, म्हणून मासा तारेला धरून हातानं फिरवत बसले. जेवून सरांचा खुर्चीतच डोळा लागला. मी मासा फिरवत होते आणि त्यांची छाती बघत होते. वर जायची, थांबायची, मी थांबायची, मग खाली यायची. एकदा इतकी थांबली की मी "काकू!" म्हणून ओरडले. सर दचकून जागे झाले.

"काय झालं?"

"काही न्हाई. मासा दाखवायचा होता."

त्यांनी लांबूनच मान वाकडी करून पाहिला. "धूळ बसलीय," म्हणाले. मग, "कल्ल्यापाशी... एक बुडबुडा राहिला."

"पुसून परत मारू का?"

"नको. असू द्या आत... थोडी हवा."

थंडी संपायच्या आत काकूंचा फोन आला. त्या काही बोलायच्या आधीच मी ऐकलं, की मागं ते यंत्र घरघरत नव्हतं.

लातूरहून परत आणलेला तो मासा आता माझ्या गल्ल्यावर असतो. थर कुठला घ्यावा म्हणून कुणी घुटमळलं की मी तो पुढं करते आणि म्हणते, नख लावा. अजून कुणाचं उमटलेलं नाही. गाडीचं क्लिअर मागायला आलेल्याला मात्र आधी बसवते, चहा पाजते आणि सगळं सांगते. काही जण ऐकतात, काही जण हसून दुसऱ्या दुकानात जातात.

पण सकाळी शटर वर केलं, की दिव्याचं बटणही दाबायच्या आधी मी तो मासा उजेडाला धरते आणि कल्ल्यापाशी बघते. बुडबुडा आहे अजून. मग मी श्वास सोडते.