कोपऱ्यातली फट

झिंगू सुतार भित्रा आहे असं कोणी म्हटलं असतं, तर आलापल्लीच्या लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. जंगलातून एकटा ये-जा करणारा माणूस. वाटेत अस्वल दिसलं तर बाजूला उभा राहून त्याला आधी जाऊ द्यायचा आणि मग बिडी पेटवायचा. पण पंचावन्न सालच्या ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत हाच माणूस इतका भ्याला की त्याला अन्न गोड लागेना.

त्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या डाकबंगल्यावर त्याला काम मिळालं होतं. भिंत आणि छत मिळतात तिथली सांध झाकायला खोलीभर सागाची कंगोरेदार पट्टी बसवायची. सरळ भिंतीवर ती कोणीही ठोकेल; सुताराची परीक्षा कोपऱ्यात. दोन पट्ट्यांची टोकं तिरपी कापून अशी भिडवायची की कंगोऱ्याला कंगोरा मिळावा आणि मध्ये नखही शिरू नये. त्यात त्या बंगल्याचा एकही कोपरा काटकोनात नव्हता. गवंडी गुण्या घरी विसरून आला होता की काय, देव जाणे. झिंगू आधी कोपऱ्याचा वाकडेपणा पाहायचा आणि निम्मा एका पट्टीवर, निम्मा दुसरीवर टाकायचा. सगळा एकीच्याच माथी मारला की सांधा मिळत नाही, हे त्याला बापाने शिकवलेलं.

घरी त्याच्या बायकोला, वच्छलाला, चौथा महिना होता. आधी दोनदा दिवस राहून वाया गेले होते, त्यामुळे दोघंही जपून होती. अमावास्येला सूर्यग्रहण, म्हणून सुगंधाबाई सुईण मुद्दाम बजावायला आली.

"गिरान हाये तवा पोटुशीनं काई चिराचं नाई, शिवाचं नाई. नवऱ्यानंबी हत्यार चालवाचं नाई. लेकराचा ओठ फाटते."

"लागते कवा, बाई?" वच्छलाने विचारलं.

"दुपारी," सुगंधाबाई ठासून म्हणाली. पंचांग तिने उभ्या जन्मात उघडलं नव्हतं, पण ठासून सांगण्यात तिचा हात कोण धरणार?

म्हणून सकाळचं काम उरकून दुपारी घरी बसायचं, असं ठरवून झिंगू उजाडताच बंगल्यावर गेला. आभाळ भरलेलं होतं. शेवटचा एक कोपरा राहिला होता. करवत चालवता चालवता खोलीत अंधारून आलं. ढग दाटले असतील असं समजून त्याने पट्टी दाराशी ओढली आणि काप पुरा केला. पट्टी बसवून, चुका ठोकून बाहेर आला, तर चौकीदार लच्छू विहिरीपाशी ओल्या अंगाने उभा.

"गिरान सुटलं, झिंगूभाऊ. आंघोळ करून घ्या," लच्छू म्हणाला. "तुमी आतमंदी काय करून राह्यले होते?"

झिंगू विहिरीच्या काठावर बसला आणि लच्छूला एवढंच म्हणाला, "कोनाले सांगू नोको."

घरीही तो काही बोलला नाही. बोलून पोटुशीच्या जिवाला घोर कशाला लावायचा? पण स्वतःच्या घोराचं काय करणार? बाजारात कुणाच्या कडेवर मूल दिसलं की त्याची नजर आधी ओठावर जाई. रात्री वच्छला झोपेत कण्हली की तो उठून बसे. पावसाळाभर काही ना काही निमित्त काढून तो बंगल्यावर जायचा आणि लच्छूकडून खोली उघडून घ्यायचा. ग्रहणात कापलेला तो कोपरा घट्ट होता तोवर त्याच्या जिवात जीव होता. आश्विनातल्या उन्हात लाकूड आटलं आणि तिथे केसाएवढी फट पडली. त्याने लाकडाचा भुसा सरसात कालवून ती बुजवली. पुढच्या खेपेला ती पुन्हा दिसली. त्या दिवशी झिंगू घरी कसा आला ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

आजचा कुठलाही डॉक्टर सांगेल की ओठाचा निकाल पोटात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच लागून गेलेला असतो. करवतीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण हे त्या दोघांना तेव्हा सांगणार कोण होतं?

दिवाळीनंतर एका सकाळी वच्छला बाळंत झाली. सुगंधाबाई बाहेर आली ती झिंगूकडे न बघताच.

"पोरगी हाये," ती म्हणाली. "वरचा ओठ फाटेल हाये. दूध वढता येत नाई तिले." मग दाराकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, "काय चिरलं होतं वं त्या दिसी?"

वच्छला भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"कोचई चिरली, भाजीले," ती म्हणाली. "सकाळीच. दुपारच्याले हे घरी येतीन, जेवतीन म्हनून. मंग अंधारलं तवा समजलं. तवापासून भेवच खात होती मी. माह्याच हातानं झालं."

झिंगू दारात उभा होता. आता तोंड मिटून राहिलं की सुटका होती. लच्छू काही बोलणार नव्हता. गाव वच्छलाला बोल लावील, पोरगी मोठी होऊन आईलाच विचारील, आणि त्याला जन्मात कुणी काही विचारणार नाही. हे सगळं त्याला क्षणात दिसलं, आणि गेल्या पाच महिन्यांत वाटली नव्हती एवढी भीती वाटली; या वेळी स्वतःचीच.

तो आत गेला आणि तिच्या बाजेशी बसला.

"मीबी त्याच टायमाले करवत चालवली, वच्छले. बंगल्यावर. तुले सांगतलं नाई."

वच्छलाने तोंड वळवलं.

"मंग हे कोनाचं?"

"अर्धं तुहं," झिंगू म्हणाला, "अर्धं माहं."

तिला हुंदका फुटला. सुगंधाबाईने वाटीत वच्छलाचं दूध पिळून घेतलं, कापसाची वात वळली आणि पोरीला झिंगूच्या हातात दिलं. "उभी धर. मान सांभाळ."

झिंगूने वात दुधात बुडवली आणि पोरीच्या ओठाशी नेली. पहिला थेंब फटीतून ओघळून हनुवटीवर आला. दुसराही तसाच. वच्छला कोपरावर उठून बघत होती. झिंगूने वात जरा आत, जिभेवर टेकवली आणि पोरीचा इवलासा गळा हलला.

"गेलं," वच्छला म्हणाली. "आनखी द्या."