गुणाजीचे पिवळे विमान

मुलुंड स्टेशनजवळ एका जिन्याखालच्या जागेत गुणाजी राणे घड्याळे दुरुस्त करायचा. अर्धे आयुष्य डोळ्याला भिंग लावून गेले आणि स्वभावही तसाच झाला. बारीकसारीक गोष्टीत जीव अडकायचा, घरातले रॉकेल संपले तरी पत्ता नसायचा. अशा माणसाने विमान करायला घेतल्यावर दुसरे काय होणार? वर्षांमागून वर्षे गेली, ते पुरे होईना.

विमान म्हणजे रेडिओवर उडणारे. लहानपणी त्याने जुहूला फ्लाइंग क्लबचे पिवळे विमान पाहिले होते, त्याची हुबेहूब छोटी प्रतिकृती. एकावर एक दोन पंख, मध्ये ताणलेल्या तारा. इंजिन आणि विमान चालवायचा हातातला रेडिओ मेहुण्याने, जयवंताने, दोह्याहून आणून दिले. बाकी सगळे गुणाजीने घरातल्या एकुलत्या एक पलंगावर केले आणि त्याची बायको नलिनी जमिनीवर झोपू लागली. "यापेक्षा सवत परवडली असती," ती म्हणायची, "निदान भांडी तरी घासली असती!"

ट्रॉम्बेला नोकरी करणारा अंबादास हा गुणाजीचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या साध्यासुध्या विमानावर गुणाजी उडवायला शिकला होता, आणि चांगला शिकला होता. पलंगावरचे पिवळे विमान बघून अंबादास कातावायचा. "गुण्या, झकास झालंय यार! इंजिन चालतंय, सगळं चालतंय. आता उडव ना!"

"थोडं राहिलंय रे," गुणाजी म्हणायचा.

राहिले काय होते? खऱ्या विमानाच्या पंखावर कापडाची शिवण दिसते, ती याला हवी होती. त्यासाठी तो सुईच्या टोकाने गोंदाचे थेंब ओळीने लावत बसायचा. त्यात दोन वर्षे गेली. सांगून ऐकेल तो गुणाजी कसला!

याच काळात तो स्टुलाला अडखळू लागला. बाजूला ठेवलेला चहा त्याच्या हाताने लवंडू लागला, रस्त्यात तो माणसांवर आदळू लागला. "लक्ष कुठे असतं हो तुमचं?" नलिनी करवादायची. लक्ष विमानात असते, हे तिलाही पटले होते आणि त्यालाही. डोळ्यांवर संशय कोण घेणार? सुईच्या टोकावरचा थेंब तो अचूक जागी ठेवत होता.

शेवटी एका रविवारी सकाळी तिघे मिठागरांजवळच्या सुक्या मैदानात गेले. गुणाजीने विमानासमोर नारळ ठेवला आणि गावच्या रीतीने गाऱ्हाणे घातले, "बा देवा रवळनाथा, ह्यां लेकरू पयल्यांदाच वर जाता हा, तेका सांभाळून खाली आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," नलिनी म्हणाली. देवाबिवाच्या भानगडीत कधी न पडणारा अंबादाससुद्धा दोस्तासाठी मोठ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

विमान धावले, त्याची शेपटी उचलली आणि चाके जमिनीवरून सुटली. पिवळ्या पंखांतून ऊन आरपार आले. गुणाजीला हुंदका फुटला. मग त्याने विमान डावीकडे वळवले आणि त्याच्यापुरते ते आकाशातून नाहीसे झाले.

"अहो, तिकडे कुठे बघताय? ते बघा, डोंगराच्या अंगाला!" नलिनी म्हणाली. त्याने डोंगराकडे पाहिले, तोवर विमान खाडीच्या बाजूला गेले होते.

"अंबू, घे," गुणाजी म्हणाला. "मला सापडत नाहीये."

अंबादासने रेडिओ झडप घालून घेतला आणि विमान सावरले. ते फार सुंदर उडत होते. नलिनी नवऱ्याची हनुवटी धरून त्याचे तोंड वळवत राहिली, "हे बघा, इथे, इथे बघा ना." दर वेळी विमान पुढे गेलेले असायचे. अंबादासने ते अलगद उतरवून गुणाजीच्या पायाशी आणले. वाकून बघितल्यावर गुणाजीला शिवणीचा थेंब न् थेंब दिसला.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेकडून जाते, मधला लहानसा गोल तेवढा उरतो, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही आणि आता उरलेलीही फार टिकणार नव्हती. "दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरीच वाचली असती," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या रविवारी तो विमान घेऊन पुन्हा मैदानात आला. "अंबू, आज तू उडव. पण वळवू नकोस."

"म्हणजे?"

"नाकासमोर सरळ जाऊ दे. सरळ गेलं तर मला दिसतं."

"अरे, वेडा का तू? रेडिओचा पल्ला संपला की खाडीत वाट लागेल त्याची. परत मिळायचं नाही!"

"नाही मिळालं तर नाही. एकदा मला बघायचंय."

अंबादासने नलिनीकडे पाहिले. त्या विमानाच्या नावाने तिने वर्षानुवर्षे बोटे मोडली होती. आता तिच्याच्याने बोलवेना. "उडवा भावजी," ती कशीबशी म्हणाली.

विमान उठले आणि सरळ खाडीकडे निघाले. गुणाजीने मान जराही हलवली नाही. आधी तारा दिसेनाशा झाल्या, मग दोन पंखांचा एक झाला, मग नुसता पिवळा ठिपका उरला.

"दिसतंय," तो म्हणत होता. "नलू, अजून दिसतंय."

नलिनीच्या डोळ्यांना धार लागली होती, तिला काहीच दिसत नव्हते. तिने त्याचा दंड घट्ट धरला. "हो," ती म्हणाली, "दिसतंय."